माझ्या वागण्याची हमी

अंबरनाथ-बदलापूरकडच्या मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मुंबईत एमएला प्रवेश मिळालाय. तिथलं भाडं परवडत नाही, म्हणून तुमच्याकडे चिखलोलीत खोली ठरवली. मालक तयार होते. पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "एकटी मुलगी आहे, वडिलांना सहीला आणा."

मी तेवीस वर्षांची आहे. तरी बाबा कामाचा खाडा करून मुरबाडहून आले. त्यांना वाचता येत नाही. सेक्रेटरी मला म्हणाले, "हा सोसायटीचा फॉर्म तूच वाचून दाखव, मग अंगठा घेऊ."

मी वाचलं. "मुलगी रात्री नऊच्या आत घरी येईल, तिच्याकडे कोणी पुरुष येणार नाही, तिच्या वागण्याची हमी मी, तिचा वडील, देतो."

बाबांनी विचारलं, "शेजारी तीन पोरं भाड्यानं राहतात ना? त्यांच्या बापांचे अंगठे कुठंयत?"

"ते जेन्ट्स आहेत हो काका."

बाबांनी शाईचं पॅड परत सरकवलं. "पोरीला शिकवली ती माझ्या अंगठ्यावर राहायला नाय. चल गं."

खोली गेली. सोमवारी कॉलेज सुरू होतंय.

या पट्ट्यात माझ्या एकटीच्या सहीवर खोली देणारी एक तरी सोसायटी आहे का? असेल तर पत्ता सांगा. नसेल, तर तुमच्या सोसायटीचा फॉर्म एकदा वाचून बघा.