नाकावरचा रुमाल

मला किळस फार येते. लहानपणापासूनच. हिमायतनगरला माहेरी कुणी ताटात हात धुतला तरी मी जेवणावरून उठायची. आई म्हणायची, "हिला राजवाड्यातच द्यावं लागंल." दिली लातूरला, दोन खोल्यांत. पुढं नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि रोज सकाळी त्याचं सगळं अंथरुणातलं काढणं माझ्याकडं आलं. तेही हसऱ्या तोंडानं. कारण त्याचे डोळे सारखे माझ्या तोंडावर असायचे. माझं नाक जरा आक्रसलं की तो भिंतीकडं मान वळवायचा आणि दिवसभर घास घ्यायचा नाही. पाच वर्षं मी श्वास रोखून हसत होते.

अशा बाईनं मंगळवारी आणि शुक्रवारी, जाऊ घरी येऊन नवऱ्याजवळ बसते तेवढ्या वेळात, सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात फुकट राबायला जावं, हे कुणालाच पटलं नाही. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," जाऊ म्हणाली. ज्यांच्याजवळ आपलं माणूस नाही त्यांची नखं काढायची, डोकी धुवायची, अंग पुसायचं, हे माझं काम. पुण्य लागतं म्हणून जाते, असं मी सांगायची. खरं कारण सांगायची लाज वाटायची. तिथं मला नाकाला रुमाल बांधता यायचा. तिथं "शी, काय वास मारतोय गं!" असं मोठ्यानं म्हणता यायचं आणि कुणी भिंतीकडं तोंड फिरवायचं नाही. सेवेचं नाव होतं, मी तिथं पोटभर किळस करून घ्यायला जात होते.

त्या मंगळवारी कोपऱ्यातल्या खाटेवर नवी म्हातारी होती. देवणीकडची, एवढंच कळलं होतं. साखरेचा आजार, पाय सडलेला, आणि कुणीतरी बसस्टँडवरून आणून सोडलेली. ती तापात झोपली होती. केसांत उवांची जत्रा. गळ्यात घामानं काळाकुट्ट झालेला दोरा आणि त्याला बांधलेली चिंधीची पुरचुंडी. त्या पुरचुंडीला असा आंबूस वास येत होता की तो रुमालातूनही आत शिरला. कुठला तरी गंडा-ताईत असेल म्हणून मी कात्रीनं दोरा कापला आणि नखं, केस, फडकी यांच्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेवढं करून मला फार बरं वाटलं.

बाराच्या सुमाराला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची फळं आली. पांढऱ्या कपड्यांतली आठ-दहा माणसं, एक बॅनर आणि केळ्यांची पाटी. एका केळ्याला चौघांनी हात लावून फोटो काढला. म्हातारीला खांदा धरून बसवलं आणि साखरेच्या पेशंटला केळं दिलं. "आजी, जरा हसा की!" एकजण म्हणाला. तिनं केळं खाली सोडून दिलं आणि दोन्ही हात छातीवर फिरवत राहिली. त्यांनी केळं उचलून दुसरा फोटो काढला. जाताना सालं तिथंच टाकली. मला त्यांच्या अंगावर थुंकावंसं वाटलं.

मग जेवण आलं. म्हातारीनं तोंड उघडलं नाही. पाणीही घेतलं नाही. सिस्टर वैतागली. "साखरेची सुई दिलीय मी. आता पोटात काही गेलं न्हाई तर साखर एकदम खाली येईल. सलाईन लावावं तर शीर सापडंना." मी घास पुढं केला. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा छाती चाचपली.

शेजारच्या खाटेवरची उदगीरची बाई उठून बसली. "काकू, तिच्या गळ्यातलं लिंग कुठाय?"

"कसलं लिंग?"

"लिंगायताची हाय ती. सकाळी फडक्यात व्हतं की. तळहातावर घेऊन पूजा केल्याबिगर घास न्हाई घेणार. आमच्यातबी म्हातारी माणसं न्हाई घेत."

मला सकाळची कात्री आठवली. आमच्या लिंगायत शेजारणीच्या गळ्यातला चांदीचा करंडा मी रोज बघते. आत काय असतं तेही मला ठाऊक. पण गरिबाचा देव चिंधीतही असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चांदी असती तर मी कात्री लावली असती का?

डबा रिकामा झाला होता. झाडणाऱ्या मावशीनं कचरा मागच्या अंगणात नेऊन ओतला होता आणि तो उचलायला गाडी यायचीच होती. मी धावले. केळ्यांची सालं, खरकटं, थुंकीनं भरलेले कागद, आमटीत भिजलेले केस. हातमोजा पहिल्याच मिनिटाला फाटला. रुमाल घसरून गळ्यात आला, तो वर ओढायला हात स्वच्छ नव्हता. दोनदा उलटी झाली. तोंड पुसून पुन्हा हात घातला. मी कुणाला शिव्या देत होते कोण जाणे, पहिली स्वतःलाच. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा कोपरापर्यंत बरबटलेली मी ती पुरचुंडी मुठीत धरून उठले.

चिंधी सोडून लिंग नळाखाली धुतलं. म्हातारीनं ते डाव्या तळहातावर घेतलं, वर पाणी सोडलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली. उदगीरच्या बाईनं नवं फडकं आणि दोरा दिला. मला इतका आनंद झाला की मी साबण न लावता तशीच पुढं होऊन भाकरी कुस्करायला लागले.

म्हातारीनं नाक मुरडलं. "हात धुऊन ये आधी. लई घाण वास मारायलाय तुजा."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. जन्मभर मी लोकांना नाक मुरडलं, माझ्याकडं बघून कुणी मुरडलं ते हे पहिल्यांदाच. हात धुऊन आले तेव्हा तिनं माझ्या हातून अख्खी भाकरी खाल्ली. वास येतो असं तोंडावर सांगितलं आणि त्याच हातचं जेवली.

घरी गेले. नवऱ्याचं अंथरूण भरलं होतं आणि तो माझं तोंड वाचत होता. मी श्वास रोखला नाही. "शी! काय वास मारतोय हो," मी म्हणाले. त्याची मान भिंतीकडं वळायला लागली आणि थांबली. मी त्याला उचलायला वाकले होते. तीनदा साबण लावूनही माझ्या हातांचा वास गेला नव्हता. त्याचं नाक आक्रसलं, तोंडाची चांगली बाजू हलली.

"तु... झा... पण," तो म्हणाला.