चाळलेला केर

आमच्या घरात केर चाळून टाकतात. झाडून झालं की सूनबाई सुपलीतला केर पिठाच्या जुन्या चाळणीत घालते, अंगणात उकिडवी बसते आणि चाळते. वर राहिलेले खडे, कांद्याची टरफलं, केसांचे गुंतवळ बोटानं अलगद बाजूला करून बघते. मग उकिरड्यावर नेऊन टाकते. नव्या माणसाला नवल वाटतं. त्यानं विचारलं की माझा थोरला भाऊ कारण सांगतो. ते कारण खोटं आहे. खरं मला माहीत आहे आणि मी ते इतकी वर्षं सांगितलं नाही.

ही सूनबाई भावाची सून. मी तिचा चुलतसासरा. माझी बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे भावाच्याच घरात राहतो आणि तिच्या हातचं खातो. ओतूरच्या पुढं आमची वाडी. पूर्वी घरात मेंढरं होती, आता बागायत आहे. पुतण्या चाकणला कंपनीत आहे, रविवारी घरी येतो.

भाऊ फौजेत तोफखान्यात होता. तोफेवर प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. भावाचा नंबर तीन. म्हणजे तोफेच्या डाव्या अंगाला बसून निशाण्याच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, नेम धरायचा. या दुर्बिणीला ते डायल साइट म्हणतात. मी त्याच काळात आळेफाट्यावर एका गॅरेजात ट्रकची चाकं खोलत होतो. तो सुट्टीवर आला की वाडी गोळा व्हायची. मला कोणी काही विचारत नसे, आणि विचारण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंही.

गुडघे गेल्यावर भाऊ घरी बसून चिडचिडा झाला. तेव्हा पुतण्यानं पुण्याहून एक खोका आणला. त्यात रणगाड्याचं किट होतं. प्लास्टिकच्या चौकटींना शे-दीडशे बारीक भाग चिकटलेले असतात. ते कटरनं कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, गोंदानं जोडायचे, रंगवायचे. शेवटी हातात मावेल एवढा रणगाडा तयार होतो. भावाला त्याचं वेड लागलं. एकामागून एक खोके येऊ लागले. त्याची नजर तेव्हाच मंद होत होती, म्हणून त्यानं मला मदतीला घेतलं.

मदत म्हणजे चाकं. एका रणगाड्याला दोन्ही बाजूंनी मिळून खंडीभर चाकं. प्रत्येकाच्या कडेवर साच्याची रेघ असते, ती जाईपर्यंत घासायची. पट्ट्याची एकेक कडी जोडायची. बुरूज, तोफेची नळी, वरची माणसं हे सगळं भाऊ करणार. मी एकदा नळीचे दोन अर्धे हातात घेतले तर म्हणाला, "ठेव ते. तुझा हात चाकाचा हाय." मी ठेवले. मी चाकांना आमच्या शेतातली लाल माती गोंदात कालवून लावायचो. ती चाकं खरोखर चिखलातून आल्यासारखी दिसायची. भाऊ त्यावर काही बोलला नाही, पण पुसायलाही सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारीला हायस्कूलच्या हेडमास्तरांनी भावाला रणगाडे मांडायला बोलावलं. टेबलावर पांढरी चादर, वर सात गाड्या. भाऊ मेडल लावून खुर्चीवर. कोणी पाहुणा म्हणाला, "चाकं तर काय झकास केलीत, साहेब." भावानं माझ्याकडं बोट केलं. "ती आमच्या लहान्यानं केली. आमी सरहद्दीवर व्हतो तवा ह्यो फाट्यावर टायर फुगवत व्हता. अजून तेच करतोय." सगळे हसले. हेडमास्तर हसले, पोरं हसली. मीही हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवं किट आलं. भाऊ ज्या तोफेवर होता तीच तोफ. खोका त्यानं स्वतःच उघडला. आतल्या चौकटी तो एकेक करून खिडकीशी धरून बघत होता. ती तोफ जोडायला त्यानं कितीतरी दिवस घेतले. मला नेहमीप्रमाणे चाकं दिली. शेवटी डायल साइट राहिली. ज्वारीच्या दाण्याएवढा भाग. भिंग लावून त्यानं तो कापला, घासला आणि डब्याच्या झाकणात ठेवला. मग मला म्हणाला, "इथनं बघायचो मी. इथं डोळा आसायचा माझा." एवढं बोलून तो मोरीकडं गेला.

मी बोट जिभेला लावलं आणि त्या दाण्यावर टेकवलं. दाणा बोटाला चिकटला. सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी होती, तिच्या झाकणाच्या कोपऱ्यात ठेवला. मनात होतं की संध्याकाळपर्यंत शोधू दे, मग टेबलाखाली सापडल्यासारखं करीन. त्याला एकदा जमिनीवर रांगताना बघायचं होतं.

तो रांगला. गुडघे धरून, कण्हत, बॅटरी घेऊन पलंगाखाली गेला. मी वर उभा राहून, "तिकडं बघ, पायाशी बघ," म्हणत होतो. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. भावानं खालूनच विचारलं, "मघाशी झाडलं का गं तू हितं?"

"व्हय मामा. तुमीच म्हनलात, प्लास्टिकचं तुकडं लई झाल्यात, झाडून घे."

"टेबल पुसलंस?"

"खालून झाडलं फक्त."

"फक्त." भाऊ उठून बसला. "डोळं कुठं गहाण ठेवलं व्हतंस?"

तिनं झाडलं तेव्हा तो भाग अजून चौकटीलाच होता. भाऊ ते विसरला. मला ते आठवत होतं. त्या वेळी डबी काढली असती तर हे सगळं तिथंच संपलं असतं. पण भाऊ मोठ्यानं बोलायला लागला आणि डबी काढायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर हिंमतीचाच प्रश्न नव्हता. इतकी वर्षं जे बोलणं माझ्या वाट्याला यायचं, ते आता दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जात होतं.

भावानं तिला उकिरडा चाळायला लावला. शेण, राख, पाला, सगळं. पिठाची चाळणी घेऊन ती उन्हात बसली. रस्त्यानं जाणारे थांबत. "काय वयनी, सोन्याची फुली पडली का काय?" ती खाली बघून चाळत राही. मी ओट्यावर बसून तंबाखू मळत होतो. त्याच डबीतला चुना बोटानं घेत होतो. एकदा मी तिला म्हणालो, "कडंचं बघ नीट, तिथं टाकतीस तू नेहमी." तिनं मान हलवली आणि कडेचं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते अजून मेंढरं राखायचे. पावसाळ्याआधी पूर्वेला कमी पावसाच्या मुलखात जायचे, त्याआधी लेकीला भेटायला यायचे. काखेत तिच्यासाठी नवी घोंगडी होती. लेक उकिरड्यात बसलेली बघून त्यांनी भावाला विचारलं, "काय हरवलं, पावणं?"

"तोफेची दुर्बीण," भाऊ म्हणाला. "तुमच्या लेकीनं झाडली."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. त्यांनी पटका काढून घोंगडीवर ठेवला, धोतर वर खोचलं आणि लेकीशेजारी बसले. ती म्हणाली, "आबा, उठा, हात घाण व्हतील." ते म्हणाले, "मेंढराच्या लेंड्या उचलनारा हात हाय माझा. तू बघ तिकडं, मी हिकडं बघतो." बाप-लेक दिवस कलेपर्यंत चाळत होते. भावानं त्यांना उठा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. ते जेवले नाहीत, चहा घेऊन गेले. जाताना मला हात जोडून म्हणाले, "पोरीचं चुकलं आसंल तर पदरात घ्या." त्यांना मला सांगावंसं का वाटलं कोण जाणे. घरात मीच त्यातल्या त्यात मऊ दिसत असेन.

रविवारी पुतण्या आला. बापानं सगळं सांगितलं. पुतण्यानं बायकोला काय विचारलं ते मी ऐकलं नाही. थोबाडीत मारल्याचा आवाज मात्र मला माझ्या खोलीत ऐकू आला.

तेव्हापासून घरात केर चाळायचा नियम झाला.

भावानं नवं किट केलं नाही. डोळ्यांत काचबिंदू निघाला, नजर उतरत गेली. तो ते सुनेवर घालायचा. "त्या दिवशी बॅटरीनं शोधून शोधून डोळं गेलं माझं." तोफ काचेच्या कपाटात गेली. पाहुणा आला की भाऊ त्याला कपाटापाशी न्यायचा. "हे सगळं बराब्बर हाय. फकस्त डायल साइट न्हाई. आमच्या सूनबाईनं झाडून टाकली." नेमकं तेव्हाच सूनबाई ट्रे घेऊन उभी असायची. पाहुण्यांना काहीतरी विनोद सुचायचाच. "बघा राव, चहात आसंल." हसणं. तिचे वडील गेले, त्यांचा दहावा करून ती परतली त्या दिवशीही हे झालं. भावाला भेटायला आलेल्या एका जुन्या फौजी मित्राला त्यानं हेच सांगितलं. "बाप आन लेक दोगं शोधत व्हते, तरी गावलं न्हाई." ती दुखवट्यात, कपाळाला कुंकू न लावता चहा देत होती.

डबी मी टाकली नाही. चुना खाणं सोडलं तरी ठेवली. का, ते मला सांगता येत नाही.

तिची मुलगी आता लग्नाची झाली. यंदा दिवाळीनंतर तिला बघायला मंचरकडचे पाहुणे आले. मुलगा चांगला, शेती, पोल्ट्री. मुलीनं पोहे दिले, बोलली छान. भावाला आता जवळजवळ दिसत नाही, पण हातानं कपाट चाचपत त्यानं पाहुण्यांना तोफ दाखवली आणि तेच सांगितलं. मुलाची आई हसली नाही. म्हणाली, "आईची नजर अशी, तर पोरीच्या हाती संसार द्यायचा म्हंजी..." आणि बोलणं तिथंच सोडलं. तिच्या नवऱ्यानं विषय बदलला. पण मुलीनं ऐकलं होतं आणि सूनबाईनंही. पाहुणे गेले, त्यांचा फोन आला नाही.

मग एका सकाळी सूनबाई अंगणात चाळत होती. मी तिच्यासमोर जाऊन डबी उघडली.

तिनं वाकून बघितलं. दाणा चुन्यानं पांढरा झाला होता. "ह्योच का त्यो?" तिनं विचारलं.

"हाच."

"तुमच्याकडं कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

तिनं चाळणी खाली ठेवली. "माझे आबा बसले व्हते, तवा तुमी तिथं ओट्यावर व्हता."

"हो."

"मला म्हनला व्हता, कडंचं बघ."

मी हो म्हणालो. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला ठावं हाय मी झाडलं नव्हतं. मामांस्नी सांगा."

मी भावाच्या पलंगाशी गेलो आणि दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं दोन बोटांत धरून फिरवला. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बोटांनी ओळखला. त्याचा चेहरा उजळला. "गावला? आरं, गावला? केरात व्हता न्हवं?"

"दादा, मी घेतला होता. त्याच दिवशी. माझ्या डबीत होता."

भाऊ हसला. म्हाताऱ्याचं थकलेलं हसणं नव्हतं ते, हायस्कुलात हसला होता तसंच. "तू? तुझ्यात एवढा दम आसता तर फाट्यावर टायर फुगवले नसते जन्मभर. तिला वाचवतोयस. पोरीचं लगीन आडलं म्हून."

"खरंच सांगतोय."

"गप. चिकटव ती. मला दिसत न्हाई, तू चिकटव. जागा ठाव हाय न्हवं?"

मी कपाट उघडलं. चिमट्यानं दाणा धरला, चुना पुसला, गोंदाचा थेंब दिला आणि डाव्या अंगाला बसवला. चाकं-पट्ट्यांशिवाय त्या घरातल्या कुठल्याही रणगाड्यावर किंवा तोफेवर माझ्या हातानं लागलेला तो पहिला भाग. तो सरळ बसला. भावानं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "जमलं की रं तुला."

आता पाहुणे आले की भाऊ नवी गोष्ट सांगतो. सुनेनं झाडली, आणि लहान्यानं इतक्या वर्षांनी केरातून शोधून काढली. लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. पुतण्यानं मला टोपी आणली. मी दोनदा पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "मन मोठं हाय त्याचं. सुनेचं पाप सोताच्या अंगावर घेतोय." पुतण्यानंही मान डोलावली.

दुसऱ्या वेळी पाहुणे गेल्यावर सूनबाई कप उचलायला आली. "नाना, आता गप ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमी बोलला की मी आनखी लबाड ठरते. लोकं म्हंत्यात, म्हाताऱ्याला शिकवून उभा केलाय."

दाणा बसवला त्याच दिवशी तिनं भावाला विचारलं होतं, "मामा, आता गावली. केर चाळायचा का आजून?"

"चाळ," भाऊ म्हणाला. "आनखी काय काय झाडलं आसशील, कुनाला ठावं."

म्हणून हे लिहिलं. मंचरच्या त्या मुलाच्या आईचा पत्ता मी लग्नाच्या मध्यस्थाकडून घेतला आहे. आज मंचरला जाऊन हे कागद त्या बाईंच्या हातात देणार, आणि त्या वाचून होईपर्यंत समोर बसणार. त्यांनाही पटणार नाही, असं सूनबाईला वाटतं. अंगणात ती चाळते आहे. मी जाणार हे तिला ठाऊक आहे. तिनं मला भाकरी बांधून दिलेली नाही.