धुतलेली नोट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली आणि मग हातात पेन आलं ते दुधाचे रतीब लिहायला. तोंडाने बोलणं तर मला त्याहून जमत नाही. चार माणसं दिसली की घसा सुकतो. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. मी, नवरा आणि सासूबाई. मी पूल ओलांडून पूर्वेला एका गुजराती काकांकडे पोळ्या करायला जायची. काका एकटेच होते. घरी बसून जुन्या नोटा विकत घ्यायचे आणि शौकीन लोकांना विकायचे. स्टेशनबाहेर फाटक्या नोटा बदलून देणारे बसतात, त्यांच्यातलेच हे एक, असं मला आधी वाटलं होतं. पण काकांना फाटकी नोट दाखवली की ते तोंड फिरवायचे.

त्यांच्या हाताला कंप होता. एकदा प्लॅस्टिकच्या पाकिटातून नोट काढताना तिचा कोपरा दुमडला, तर एवढे कळवळले की हात भाजला की काय म्हणून मी स्वयंपाकघरातून धावत आले.

"बेन, तुमच्या हातून पोळी कधी फाटत नाय," ते म्हणाले. "हात धुवा, कोरडे करा, आणि जरा ही काढून द्या."

तेव्हापासून पोळ्या झाल्या की मी खिडकीपाशी त्यांच्यासमोर बसायची. नोट कडेला धरायची, चेहऱ्यावर बोट नाही. उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत इंग्रजांच्या राजाचं डोकं उमटतं ते बघायचं. बँकेने गड्डीला टाचणी मारलेली असते, तिची भोकं बघायची. घडी कुठे पडली ते बोटांनी चाचपायचं. आणि शेवटी नोट कानाजवळ हळूच हलवायची. चांगली नोट ताज्या पापडासारखी वाजते. काकांनी नोटांना आपली नावं दिली होती. न वापरलेली ती करकरीत, वापरलेली ती फिरस्ती, आणि अगदीच मऊ पडलेली ती थकलेली. गिऱ्हाईक आलं की मी आत पळायची. गिऱ्हाईक गेलं की काका हाक मारायचे, "या बाहेर, वाघ गेला!"

त्याच सुमाराला सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन, औषधं, चष्मा, सगळं मिळून पैसे जमेनात. मी काकांकडे मागायचं ठरवून जायची आणि न मागता परत यायची. एक दिवस माझी पोळी करपली. काका म्हणाले, "तुमची पोळी करपते म्हणजे घरात काहीतरी झालंय." मग मला सांगावंच लागलं. त्यांनी सातशे रुपये काढून दिले आणि म्हणाले, "म्हातारीला बरी झाली की घेऊन या. मला भेटायचंय."

सासूबाई मालवणकडच्या, जिभेच्या तिखट. मला मात्र त्या कधी तोडून बोलल्या नाहीत. पैसे कुठून आले ते त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं.

"डोळे माझे, आणि रीण तुझ्या डोक्यार?" मग म्हणाल्या. "ह्या देणा फिटल्याशिवाय मी त्येंका तोंड दाखवचंय नाय."

आणि खरंच गेल्या नाहीत. काका दर आठवड्याला विचारायचे, मी काहीतरी कारण सांगायची. सासूबाई कधी चिवडा पाठवायच्या, कधी कोकमाची सोलं पाठवायच्या, पण स्वतः पूल ओलांडत नव्हत्या. मनातून त्यांना जायचं होतं. काका दिसायला कसे, जेवतात काय, सगळं मला खोदून विचारायच्या.

चष्मा आला आणि आमच्या खोलीची वाट लागली. त्यांना सगळं मळकंच दिसू लागलं. डबे घासले, पंखा पुसला, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओल्या फडक्याने पुसून फाडलं. मला उजेडात धरून म्हणाल्या, "गो बाय, तू एवढी काळी कधी झालंस?"

आमच्या देव्हाऱ्यात राजाचं चित्र असलेली दहा रुपयांची एक नोट होती. सासरे बोटीवर खलाशी होते. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीहून त्यांनी ती आणून सासूबाईंच्या हातात दिली. वाण्याने मात्र ती घेतली नाही, ही नोट इथे चालत नाही म्हणाला. "वाण्याक काय कळता," म्हणून सासूबाईंनी ती देवापाशी ठेवली. सासरे गेल्यावरही दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला ती नोट पाटावर यायची आणि तिला हळदकुंकू लागायचं. एवढ्या वर्षांत ती लाल-पिवळी होऊन गेली होती.

काकांकडचं काय काय मी घरी सांगायची, त्यात राजाच्या नोटा विकल्या जातात हेही कधी बोलून गेले. सासूबाईंनी ते मनात धरून ठेवलं.

एका दुपारी कामावरून आले तर नोट दोरीवर वाळत होती. माझा परकर, नवऱ्याचा टॉवेल, आणि मध्ये चिमट्याला राजा.

"आई, हे काय केलंत!"

"काय म्हणजे? विकूची हा मां? मग अशी मळकी कशी न्हेवची?" सासूबाई खुशीत होत्या. "रिठ्याच्या पाण्यात धुतलंय. हळद सगळी गेली. ह्या एवढा कुकू मात्र घासून घासून जाणा नाय."

वाळल्यावर त्यांनी तांब्यात गरम पाणी घालून तिला इस्त्रीसुद्धा केली. धुतलेली नोट मऊ पडते आणि काका तिला थकलेलीतच घालतात, ते मला माहीत होतं. पण सासूबाईंच्या त्या चष्म्यातल्या मोठ्या डोळ्यांकडे बघून मला सांगवेना. नोट रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

काकांनी ती कानाजवळ हलवली. काही वाजलं नाही.

"अरे बेन, हिला आंघोळ कोणी घातली?"

मी मान खाली घातली. ते समजले. मग हळू आवाजात म्हणाले, "वीस रुपये. जास्त नाय. धुऊन भाव गेला, हे म्हातारीला सांगू नका."

वीस रुपये सासूबाईंच्या हातावर कसे ठेवायचे ते मला कळेना. बाईने एवढं घासलं होतं. त्यांच्या बाजूने काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "कुंकू तेवढं राहिलं. नाहीतर साफ निघाली असती."

"कुठे राहिलं?" काकांनी भिंग घेतलं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून भिंग मीच धरलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "बेन, हे कुंकू नाय. हे छापलंय. लाल अक्षरं आहेत, इंग्रजी. ही नोट फक्त ब्रह्मदेशात चालेल, असं लिहिलंय."

दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिकडे वापरायला आपल्याकडच्याच नोटांवर अशी लाल अक्षरं छापली होती, असं त्यांनी सांगितलं. मुलुंडचं एक गिऱ्हाईक अशाच नोटा शोधत होतं. काका मध्येच हसायचे, मध्येच कपाळावर हात मारायचे. "न धुता आणली असती तर तिप्पट आले असते. आणि न धुता आणली असती तर माझ्या डोळ्यांनी कुंकू म्हणून सोडून दिली असती!"

मुलुंडवाला आला तेव्हा काकांनी नोट धुतलेली आहे हे आधी सांगितलं, मग दाखवली. साडेतीनशे ठरले. स्वतःसाठी त्यातलं काका काही ठेवेनात.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंचा विश्वास बसेना. "म्हणजे इतकी वर्सा मी ब्रह्मदेशाक हळदकुकू लावी होतंय?" आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "तो वाणी शाणो होतो गो."

निम्मं कर्ज असं फिटलं. उरलेलं माझ्या पगारातून महिन्याला थोडं थोडं कापायला मी काकांना सांगितलं. हे बोलताना माझा घसा सुकला नाही, ते मला अजून आठवतं. शेवटचा हप्ता मात्र सासूबाईंनी कापू दिला नाही. त्या महिन्याचा पगार मी पुरा आणला, त्यातले पन्नास त्यांनी बटव्यात घातले आणि इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याबरोबर पूल ओलांडला. काका दारातच उभे होते. नमस्कार झाला, पाणी झालं. मग सासूबाई उठून खिडकीपाशी गेल्या, बटव्यातून दहाची एकेक नोट काढून उजेडासमोर धरली, कानाजवळ हलवली, आणि काकांच्या थरथरत्या हातावर ठेवली.

"बघून घेवा," त्या म्हणाल्या. "एकय धुतलली नाय."

काकांनी पाची नोटा खिशात घातल्या. "पुरे झाले, बेन. आता काय बाकी नाय."