मशिनीची मागची बाजू

गार हवेच्या मशिनी दुरुस्त करणारा इतका तापट माणूस देवानं सातारा-सांगलीत दुसरा घडवला नसेल. हे आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत हे काम शिकले आणि पेन्शन घेऊन रहिमतपूरला आले. सत्तरच्या दशकात आमच्याकडे एअर कंडिशनर शोधावे लागत, तर ते दुरुस्त करणारा कुठून मिळणार? त्यामुळे मालकांना दाजींशिवाय गत्यंतर नव्हतं आणि दाजींना हे पक्कं ठाऊक होतं. मशीन बिघडत नाही, माणसं ती बिघडवतात, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून हत्यारांची पिशवी उघडण्याआधी मालकाची उलटतपासणी. खोलीत पाणी ठिबकतं? मग मशीन आतल्या बाजूला कलती कुणी बसवली? बर्फ धरतो? जाळी शेवटची कधी धुतली? सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मशिनीतून वारा येईना, तेव्हा दाजींनी जाळी काढून भर पेढीवर झटकली. पिवळा ढग उठला. "आवं शेठ, हिचं लगीन हाय व्हय, हळद लावायला?" गिऱ्हाइकं हसली, शेठ लालबुंद. तोंड कुठं लपवू असं मला होई, कारण दाजींचं नाव बहुतेक ठिकाणी मीच सुचवलेलं असे. एवढं ज्ञान आहे, तर चार गोड शब्द शिकायला काय हरकत होती?

मी तेव्हा सांगलीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात हंगामी कारकून होतो. एका मे महिन्यात तिथल्या ऑपरेशनच्या खोलीतली मशीन सुरू व्हायची, दहा मिनिटं घरघरायची आणि बंद पडायची. सात म्हाताऱ्या माणसांची ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. डॉक्टर संतापले. "मशिनीला हात कुणी लावलाय तो सापडू दे, आजच घरी बसवतो."

ही मशीन आधीही दाजीच बघून गेले होते. ते आले. आल्या आल्या डॉक्टरांनाच म्हणाले, "दार उगडं ठिवून गार हवा ऱ्हाती व्हय?" मग मागच्या बोळात गेले, मी त्यांच्या मागोमाग. मशिनीची मागची बाजू, जिथून आतली उष्णता बाहेर पडते, ती घोंगड्यानं गच्च गुंडाळलेली होती. उन्हानं मशीन तापू नये म्हणून ते मीच बांधलं होतं. घोंगडं औंधच्या यात्रेत दाजींनीच मला घेऊन दिलेलं, त्यामुळे कुणी बांधलं हे त्यांना विचारायची गरजच नव्हती. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिलो.

"कायम व्हायला किती दिस ऱ्हायलं?" त्यांनी विचारलं.

"महिना," मी म्हणालो.

त्यांनी घोंगडं सोडलं, घडी केली आणि पिशवीच्या तळाशी कोंबली. आत येऊन म्हणाले, "डाक्टर, चूक माजी हाय. मागल्या खेपंला पंख्याचा इस्क्रू ढिला ऱ्हायला." मशीन गार वारा देऊ लागली आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर दाजींचं वय काढलं. कुणाचा शब्द कधी ऐकून न घेतलेला हा माणूस टोपी हातात धरून उभा राहिला.

त्या दवाखान्यानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मी महिन्याभरानं कायम झालो. डॉक्टरांना खरं सांगायला मला पुढं कितीतरी वर्षं मिळाली, पण मी सांगितलं नाही. दाजी जाऊनही आता बराच काळ लोटला. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो. साऱ्या जगाला फैलावर घेणाऱ्या या माणसानं त्या बोळात मला दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी तिथंच सुटलो असतो.