टेबलाखालचा पाय

बालवर्गात नोकरीला लागल्यापासून मदतनीस मावशींनी एक विद्या कमावली होती, आणि ती म्हणजे काहीही न करणं. हसू नका. चार वर्षांचं मूल कपाकडे हात नेतंय, हात मध्येच लटपटतोय, पाणी सांडणार हे धडधडीत दिसतंय, अशा वेळी आपले हात पाठीमागे बांधून मनात दहापर्यंत मोजून दाखवा. भल्याभल्यांची पाचातच दमछाक होते. मावशी दहा पुरे करायच्या, मगच पुढे व्हायच्या, आणि तेही कोपराला एक बोट लावण्यापुरतं.

सवय इतकी अंगात मुरली की घरी नवऱ्यानं चष्मा मागितला तरी त्या उभ्याच राहायच्या.

"मी काय तुझ्या वर्गातला आहे का गं?" तो करवादायचा.

"वर्गातली मुलं स्वतः शोधतात."

मावशींच्या वाट्याला आलेली मुलगी साडेचार वर्षांची. जन्मल्यावर आजीनं लाडानं तिला भिंगरी म्हटलं. पुढे कळलं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता आणि पाय कडक झाले होते. तोवर नाव चिकटलं होतं, ते कोण काढणार? भिंगरीला सगळं कळायचं. बोलणं अस्पष्ट, पण चित्रांची कार्डं दाखवून ती पाणी मागायची, शेजारच्या मुलाची तक्रारसुद्धा करायची. खुर्चीत ती डावीकडे घसरायची, म्हणून मावशींनी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून कमरेशी खोचली होती, आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली एक खोकं. तिची खरी अडचण मात्र वेगळी होती. तिला सुरुवात करता यायची नाही. लाल मणी उचलायचाय हे ठाऊक, हात तयार, आणि गाडी तिथंच अडलेली. कुणी पायाला नुसता स्पर्श केला की हात सुटायचा, मग मणी दोऱ्यात जाईपर्यंत ती थांबायची नाही.

वर्गाच्या बाई चांगल्या होत्या. "माझ्याकडे सव्वीस पोरं आणि हात दोन," त्या म्हणायच्या. "मावशी, तुम्ही आहात म्हणून भिंगरी माझ्या वर्गात आहे. नाहीतर ती नुसती माझ्या हजेरीत असती."

हे बोलणं मावशींना वर्षभर पुरलं.

मग पाहणीचं पत्र आलं. दरवर्षी कार्यालयातून एक मॅडम येतात, तासभर मुलाजवळ बसतात, कागदावर खुणा करतात आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरतं. मावशींना पाहणीबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाची पाहणी वाईट गेली आणि त्याला दोन बस बदलून जावं लागेल अशा वेगळ्या शाळेत टाकलं. एवढंच. पाहणी फार चांगली गेली तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. पण धास्तावलेलं माणूस दोन्ही बाजूंनी विचार करत नाही.

मॅडम आल्या त्या सकाळी भिंगरी कुरकुरत होती. रात्री पाय दुखले होते, झोप झाली नव्हती. मॅडम समोर बसल्या, त्यांनी मण्यांची ताटली पुढे सरकवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मला माळ करून देतेस?"

भिंगरी ताटलीकडे बघत बसली. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या मावशी मनात मोजू लागल्या. सहा. सात. मॅडमचं पेन उघडलं.

आठावर मावशींचा पाय टेबलाखालून पुढे गेला आणि भिंगरीच्या बुटाला टेकला.

हात सुटला. लाल मणी, पिवळा मणी, पुन्हा लाल. भिंगरी डावीकडे कलली तर मावशींचा गुडघा तिच्या कमरेला टेकू द्यायला आधीच तिथं. तासभर हे चाललं. टेबलाच्या वर मावशींचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, अगदी शिकवल्याबरहुकूम, आणि टेबलाखाली हा सगळा कारभार. पाणी मागायचं कार्ड, कपातलं पाणी, चित्रातला घोडा, सगळं झालं. जाताना मॅडम म्हणाल्या, "इतकी तयारी मी क्वचित बघते. कौतुक आहे तुमचं."

मावशींनी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला न मोजता चष्मा दिला.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. बाईंनी तो मधल्या सुट्टीत मावशींच्या हातात ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेवटी लिहिलं होतं: मूल सर्व कामे स्वतंत्रपणे करते. मदतनिसाची आवश्यकता नाही. पहिल्या तारखेपासून मावशींची बदली दुसऱ्या शाळेत.

"बाई, मी पाय लावत होते," मावशी म्हणाल्या.

"मला फळ्यापासून दिसत होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल तुम्ही काय करताय ते."

मावशी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेल्या. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि कपाळावर हात मारला.

"म्हणजे तुम्ही पाहणीत फसवलंत, असं लिहून देणार?"

"देते की. आत्ता देते."

"देऊ नका. नोकरी जाईल आणि मुलीचं काहीच होणार नाही. कर्मचाऱ्याच्या अर्जावर फेरपाहणी होत नाही, पालकांची सही लागते. महिनाअखेरपर्यंत आणलीत तर बघतो. नाहीतर पुढच्या वर्षी."

"साहेब, साडेचार वर्षांच्या मुलीचं वर्ष फार मोठं असतं हो."

"मावशी, मला कळतं. फॉर्मला कळत नाही."

फेरपाहणीचा फॉर्म घेऊन मावशी संध्याकाळी भिंगरीच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि दारामागे खिळ्याला लावलेला भिंगरीचा पट्ट्यांचा बूट. दार उघडताच भिंगरीच्या आईनं मावशींचे दोन्ही हात धरले. अहवाल कपाटाच्या काचेला आतून लावलेला होता, आल्यागेल्याला दिसेल असा.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या नणंदेला फोनवर वाचून दाखवला. दोनदा! 'हिचं काही होणार नाही' म्हणणारी बाई ती. गप्प बसली."

मावशींनी खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पाय, गुडघा, आठावरच सोडलेली मोजणी. आई ऐकत होती तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तिला येत नाही?"

"येतं हो ताई. सगळं येतं. फक्त जवळ कुणीतरी हवं."

"तुम्ही."

"मीच असं नाही. कुणीही. पण कुणीतरी."

आईनं कपाटाच्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाली, "साडेचार वर्षांत किती कागद आले माहितेय तुम्हाला? चालत नाही, बोलत नाही, बसत नाही. प्रत्येकावर माझी सही आहे. हा पहिला कागद आला ज्यावर 'करते' असं लिहिलंय. आणि तो खोटा आहे, यावर तुम्हाला माझी सही हवी?"

याचं उत्तर कुणाकडे असेल तर त्यानं जाऊन त्या आईला द्यावं.

"तुम्हाला तिचा लळा लागलाय," आई जरा मऊ आवाजात म्हणाली. "सोडवत नाही म्हणून असं वाटतंय. बाईंनी सांगितलंय, थोडे दिवस जड जाईल, मग सवय होईल."

बाईंनी असं म्हटलंही असेल. सव्वीस पोरांच्या बाई दुसरं काय म्हणणार?

आईच्या बोलण्यात खोटेपणा थोडा होता आणि खरेपणाही थोडा होता, म्हणून मावशींना भांडताही येईना. लळा तर लागलाच होता. फॉर्म त्यांनी टेबलावर ठेवला. आईनं तो नीट घडी घालून परत त्यांच्या हातात दिला, पाहुण्याला विसरलेली छत्री द्यावी तसा.

"भिंगरे," तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "मावशी निघाल्या बघ. ये, दारापर्यंत ये सोडायला."

आतल्या खोलीत भिंगरी जमिनीवर ठोकळे घेऊन बसली होती. तिनं मावशींना पाहिलं आणि तोंडभर हसली. खाटेची कड धरली. अंग थोडं वर उचललं गेलं आणि तिथंच थांबलं.

मावशी नकळत एक पाऊल पुढे झाल्या.

"तिच्याजवळ नका ना जाऊ," आई म्हणाली. "येते ती. स्वतः येते."

तिघीही थांबल्या. भिंगरी मावशींकडे बघत होती, आई भिंगरीकडे. कडेवरची बोटं पांढरी पडली, एकेक सुटली, आणि ती हळूच खाली बसली. ठोकळे बाजूला सरले. ती रडली नाही. पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत राहिली.

"आज दमलीय," आई म्हणाली आणि दार उघडून धरलं. "सावकाश उतरा हं मावशी. जिन्यातला दिवा गेलाय."