चुन्यात पिवडी

चिंचवडात आमच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांचं बैठं घर होतं. "आपलं काय जातंय, म्हनून सांगतो," हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की मी सावध व्हायचो. आपणहून सल्ला द्यायला येणाऱ्याचं कुठंतरी काहीतरी जातच असतं किंवा यायचं तरी असतं.

आमची बैठकीची खोली उत्तरेची. ऊन म्हणून कधी नाही, उजेड काय तो त्या एका खिडकीतून. दिवाळीआधी चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचं आम्ही ठरवलं, तर हे तंबाखू मळत हजर.

"मास्तर, नीळ नगं. आपलं काय जातंय, म्हनून सांगतो, पिवडी घाला. दिव्याच्या उजेडात बी खोली उजळंल."

भर दुपारी दिव्याचा विषय कशाला, मला कळेना. बोलताना त्यांनी भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. नजर खिडकीबाहेर, स्वतःच्या छपरावर. दुसऱ्या दिवशी पिवडीची पुडी तेच घेऊन आले, तेव्हा तर माझा संशय दुणावला. पण बायकोला तो पिवळा रंग आवडला.

खोली खरंच उजळली. ते मुद्दाम बघायला आले. बाहेर त्यांच्या दारात बैलगाडीतून विटा उतरत होत्या. त्यांनी भिंतीवरून मायेनं हात फिरवला, हाताला लागलेला पिवळा चुना धोतराला पुसला आणि म्हणाले,

"झ्याक! आता आमची माडी चढली, तरी तुमाला अंधार वाटायचा न्हाई."