आधी मला कळलं होतं

माझ्या धाकट्या जावेचं सगळे कौतुक करतात. करोत बापडे. पण तिची गोष्ट माझ्यापासून सुरू होते, आणि मला कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते.

आम्ही दोघी एकाच दोऱ्याच्या कारखान्यात. मी पॅकिंगला, सतरा वर्षं; ती तपासणीला, जेमतेम दोन. अंगाने काडी, बोलणं मोजूनमापून, आणि हात इतका सावकाश की ती भाजी चिरायला बसली तर जेवायची वेळ टळून जावी. पण एकदा डोक्यात काही शिरलं की शिरलं.

एकदा फ्रॉक शिवताना मी सहज बोलून गेले, "आपल्या रिळाची आतली नळी जाड केलीय गं. बाहेरून रीळ तेवढंच दिसतं, पण दोरा लवकर संपतो."

झालं! सुट्टीच्या दिवशी बाईने नवं रीळ घेतलं आणि दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरा ताणत फेऱ्या मारायला लागली. एक फेरी चार मीटर. सासूबाई म्हणाल्या, "घर आहे की कोळ्याचं जाळं?" एकशे दोन फेऱ्यांत रीळ संपलं. लेबलावर पाचशे मीटर, हातात चारशे आठ. तीन आठवड्यांत तिने ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज दिला, स्वतःच्या सहीने.

मग काय विचारता! रस्त्यावरचे शिंपी मशीन थांबवून तिला नमस्कार करायला लागले. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? शोध माझा, आणि आयत्या बिळावर ही नागोबा.

कारखान्याने तिला घरी बसवलं. सरकारी तपासणीवाले येईपर्यंत गोदामात पुऱ्या मापाची रिळं येऊन बसली होती. हिचं रीळ तर उलगडलेलं. कारखान्याचा वकील म्हणाला, दोरा हिनेच कापला. सुनावणीत न उलगडलेली जुनी रिळं दाखवता आली नाहीत तर अर्ज फेटाळला जाणार, नोकरी जाणार आणि वर खोटारडी म्हणून शिक्का बसणार.

तशी रिळं माझ्याकडे होती. वाकडं लेबल चिकटलेलं रीळ आम्हा पॅकिंगवाल्यांना घरी न्यायला मिळायचं. घरी शिलाई मशीनखाली बिस्किटांच्या डब्यात अकरा पडली होती, प्रत्येकावर महिना आणि वर्ष छापलेलं. धाकटी दारोदार रिळं मागत फिरली. मलाही विचारलं तिने. "संपली गं," मी म्हणाले आणि डबा पायाने आत सरकवला.

सुनावणीच्या सकाळी सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काही होवो, या घरात हिंमतवाली एकच निघाली." माझा तिळपापड झाला. तिची दया येऊन नव्हे, त्या 'एकच'पायी मी डबा काखेत मारला आणि तिच्या मागोमाग कार्यालयात शिरले.

"साहेब, हे मी आधी पकडलंय. हिने नाही."

अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर चार रिळं मोजायला लावली. एकही सव्वाचारशेच्या वर गेलं नाही. वकील कागद चाळत बसला. 'संपली' ही मी थाप मारली होती हे धाकटीला कळलंच असणार, पण तिने माझा हात धरला. "ताईंनीच सांगितलं मला, साहेब. मी नुसतं मोजलं."

इतके महिने हेच एक वाक्य मला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी डब्याच्या तळाचं रीळ उचलून त्यावरची तारीख वाचली. "हे तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हाच लक्षात आलं होतं तुमच्या?"

"हो तर! पहिल्याच दिवशी," मी ताठ मानेने म्हणाले. "सतरा वर्षांचा हात आहे हा."

"मग तक्रार कुठे केलीत?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. माझ्याऐवजी तिलाच लाज वाटत होती.

जबाब लिहून झाला. कागदावर माझं नाव तिच्या आधी आलं. पुढे लिहिलं होतं: तीन वर्षं माहीत होतं, कोणालाही कळवलं नाही. त्याखाली मी सही केली.